झील धरणारा

भाच्याचा मेसेज रात्री साडेअकराला आला. ‘मावशी, कॅसेटची पहिली बाजू झाली. सुरुवातीचं सव्वा मिनिट उडवलंय, त्यात काहीच नाहीये.’ खाली फाइल. त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. तो स्टुडिओत काम करतो, दिवसभर लोकांच्या बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ वेचून काढत असतो. गाणं सुरू होण्याआधीची खुडबुड त्याला कचराच वाटणार. पण मला झोप लागेना. त्या सव्वा मिनिटात काय काय आहे ते मला क्रमानं पाठ आहे. आधी माइकवर बोटानं टकटक. मग ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’. मग ढोलकीवाल्याची हातोडी, ठक ठक, मध्येच शाईवर एक टिचकी, सूर अजून खालीच. पेटीवाल्यानं काळी चार धरून ठेवलेली. परत ठक ठक. मागून कुणीतरी ओरडतं, ‘ओ फेटेवाले, खाली बसा की, आम्ही काय तुमचा फेटा बघायला आलोय?’ त्यावर हशा. लांबून लोकलचा भोंगा. आणि मग एक टिचकी अशी पडते की तिच्यातून पेटीचा सूर वेगळा काढता येत नाही. त्यासरशी समोरचं अख्खं मैदान गप्प होतं. गप्प बसा असं कुणी म्हटलेलं नसतं.

दोन कॅसेटींचा तो संच बाबांनी आणला तेव्हा आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहायचो. ऐंशीचं दशक. शाळेच्या मैदानावर लोकगीतांचा मोठा कार्यक्रम झाला होता : गण, पोवाडा, भारूड, गोंधळ, वाघ्या-मुरळी, कोळीगीतं, शेवटी भैरवी. आयोजकांनी तो ध्वनिमुद्रित केला आणि काही महिन्यांनी त्याच्या कॅसेटी काढल्या. वेष्टनावर तुणतुण्याचं रेखाचित्र आणि खाली ‘प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण’ असं ठळक अक्षरांत. कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो होतो म्हणे. मी गणानंतर लगेच आईच्या मांडीवर झोपले होते, त्यामुळे माझ्यापुरता तो कार्यक्रम म्हणजे ती कॅसेटच. पोवाड्याच्या मध्यावर एक लांबलचक शिट्टी आहे. ती माझी, असं बाबा शेवटपर्यंत सांगायचे. आई म्हणायची, ‘यांना कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, हे काय मारणार!’ पुढं कळलं की आमच्या वाडीतले निदान दोन काका त्याच शिट्टीवर हक्क सांगत होते, आणि त्यातले एक तर त्या रात्री गावी गेलेले होते.

शिट्टीचा वाद निदान समजण्यासारखा आहे. भारुडातलं हसू मात्र आजतागायत उलगडलेलं नाही. एकनाथांचं विंचवाचं भारूड चाललेलं असतं, भारूडकऱ्याचा आवाज कमावलेला, खर्जात घुमणारा. दुसऱ्या कडव्यानंतर तो काहीच म्हणत नाही. पेटीही थांबलेली असते. आणि लोक हसायला लागतात. आधी पुढचे, मग मागचे, मग बायकांच्या बाजूनं एक मोठी लाट. खूप वेळ. त्याच्यात एक बाई अशी खिदळते की ऐकणाऱ्यालाही हसू फुटावं. काय घडलं होतं? बाबांच्या मते भारूडकऱ्यानं नेसलेलं लुगडं सुटलं. आईच्या मते स्टेजवर मांजर आलं होतं. आत्याचं म्हणणं, त्यानं पुढच्या रांगेतल्या एका पुढाऱ्याची नक्कल केली, पण नाव विचारलं की आत्या गप्प. मी लहानपणी कॅसेट वाजवताना त्या जागी दरवेळी नवीन काहीतरी कल्पना करायचे. भारुडातलं निम्मं बोलणं हातवाऱ्यांत आणि पदर सावरण्यात असतं. ते फितीवर येत नाही, हसू तेवढं येतं. स्टुडिओत केलेल्या अल्बममध्ये ही जागा कधीच सापडणार नाही, कारण तिथं विंचू चावल्यावर हसायला कुणी बसलेलंच नसतं.

आमच्या पिढीला शहरात लोककला भेटल्या त्या रंगमंचावर, हे कबूल करायला हवं. दारावर येणारा वासुदेव मी दोन-तीनदाच पाहिला असेन, पण शाहीर साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’मुळं वासुदेव, गोंधळी, कोळी, धनगर सगळे एका रात्रीत, एका पडद्यामागून ओळीनं येताना शहरातल्या किती घरांनी पाहिले. ठाण्यात 1978 साली गडकरी रंगायतन उभं राहिलं आणि मासुंदा तलावाच्या काठावर बसून भेळ खाल्ली की समोरच तिकीट काढून लोकरंग बघता यायला लागला. यावर नाक मुरडणारे भेटतात. म्हणतात, गोंधळ काय दहा मिनिटांचा असतो? नसतो. पण दहा मिनिटांचा का होईना, तो ज्यांनी समोर आणून ठेवला त्यांच्यावर रागवायला मला जमत नाही. साबळे साताऱ्याकडचे, मुंबईत येऊन घडलेले, गावाकडची कला शहरात कशी उभी करायची याचा हिशोब त्यांनी पावलोपावली केला असणार. कुठलं कडवं ठेवायचं, कुठं टाळी पडते, कुठं लोक घड्याळ बघतात, हे प्रेक्षकांत बसलेल्यांना दिसत नाही.

मात्र काय गाळलं जातं तेही मला ठाऊक आहे. धाकट्या काकाचं लग्न झालं तेव्हा घरी खरा गोंधळ घातला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत. पाटावर नवं वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, मध्ये कलश, विड्याची पानं, सुपाऱ्या. गोंधळ्यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि पोत, म्हणजे देवीची मशाल, पेटवल्यावर आलेला तो करपलेल्या तेलाचा वास, जो पुढं आठवडाभर गच्चीच्या जिन्यात होता. दिवस पावसाळी होते, संबळाचं कातडं सर्द झालेलं, आवाज फदफद येई. मग संबळवाला खाली आमच्या स्वयंपाकघरात आला, गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर त्यानं संबळ धरला, फिरवत फिरवत शेकला. आजीला शेगडीजवळ चामडं आलेलं खपणारं नव्हतं, पण देवीचं वाद्य म्हटल्यावर बिचारी नुसती बघत राहिली. संबळ शेकून झाला तसा त्यानं टोकाला वळलेल्या काठीनं एक टोला दिला आणि ओट्यावरच्या स्टीलच्या ताटल्या झणझणल्या. रात्री दहाला बसलेला गोंधळ पहाटे आरतीला उठला. मध्ये आख्यान, मध्ये विनोद, मध्ये चहा, मध्ये एका पाहुण्याच्या अंगात आलं. त्यातलं ‘गाणं’ म्हणावं असं किती होतं? तासभर असेल. बाकी सगळं आजूबाजूचं.

ते आजूबाजूचं मापात बसवणं कुठल्याच माध्यमाला जमलेलं नाही. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. पोवाडा त्यात कोंबायचा म्हणजे राजांना गडावरून उतरायलाही वेळ नाही. मग लाँग प्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. मग साठ मिनिटांची कॅसेट, तीस-तीसच्या दोन बाजू. आमच्या संचात गोंधळ पहिल्या कॅसेटच्या शेवटाला येतो. गोंधळी देवांना बोलवायला सुरुवात करतो, संबळ चढत जातो, आवाज आता कुठं तापलेला असतो, आणि कुणीतरी हळूच बटण फिरवून आवाज उतरवत नेतो. खटक. बाजू संपली. दुसऱ्या कॅसेटवर एकदम वाघ्या-मुरळी. लहानपणी मला वाटायचं की गोंधळी खरोखरच चालत चालत लांब गेले.

आवाज उतरवण्याआधी जेवढं सापडतं त्यात मात्र या अल्बमचा जीव आहे. गोंधळी गाऱ्हाणं घालतो, एकेका देवाला हाक मारतो : तुळजापूरच्या भवानीआई, गोंधळा यावं, माहूरच्या रेणुके, गोंधळा यावं, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडेराय, पंढरीचा विठोबा. ही यादी ठरलेली, प्रत्येक ध्वनिमुद्रणात मिळते. इथपर्यंत मैदान शांत. मग तो श्वास घेतो आणि म्हणतो, ‘ठाण्याच्या कोपिनेश्वरा, गोंधळा यावं!’ आणि मैदान फुटतं. नुसत्या टाळ्या नव्हेत, आरडाओरडा. तो थांबत नाही, त्याला कळलंय आता. ‘नौपाड्याच्या घंटाळीआई, गोंधळा यावं!’ परत तेच. ‘कोळीवाड्याच्या एकवीरेला सांगावा धाडा!’ आता डाव्या बाजूनं, चेंदणीकडचे बसले असावेत तिथून, असा कल्ला की माइकच फाटतो आणि दोन क्षण नुसती घरघर. देवी कार्ल्याची, पण हाक कोळीवाड्याला पोचली. हा माणूस मराठवाड्याकडून आलेला असणार, त्याच्या बोलीवरून कळतं. कार्यक्रमाच्या आधी चहा पिताना त्यानं कुणाला तरी विचारून घेतलं असेल, ‘इथलं दैवत कोन?’ गोंधळी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. ज्या गावी उभे राहतील त्या गावचा देव त्या रात्री यादीत. स्टुडिओतल्या काचेमागं त्यानं कुणाचा देव बोलवायचा? इंजिनिअरचा?

माझ्या मते ‘लाइव्ह’ ध्वनिमुद्रणाला अर्थ येतो तो अशा ठिकाणी. गाणाऱ्याचा आवाज स्टुडिओत अधिक चांगला लागतो, वाद्यं स्वच्छ येतात, चुका दुरुस्त करता येतात, हे सगळं खरं. पण ही गाणी कुणाला तरी उद्देशून असतात. समोरचा माणूस काढला की गाणं लंगडतं.

याचा सगळ्यात कडक धडा मला एका धवलारणीनं दिला. आम्ही आता कोलशेतला राहतो, बावीस मजल्यांच्या इमारतीत, आणि आमच्या भिंतीला लागून जुनं गावठाण आहे. तिथल्या माझ्या मैत्रिणीची आत्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाते. आगरी-कोळ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि पुढंही प्रत्येक विधीला धवला लागतो. भटजीच्या आधी धवलारणीचा मान. ढोल नाही, पेटी नाही. लांबवत नेलेला एकसुरी आवाज, जो पहिल्यांदा ऐकला तर रडणं वाटेल आणि दहा मिनिटं ऐकला तर अंगावर काटा येईल. मी भाच्याचा चांगला माइक घेऊन दुपारी त्यांच्याकडं गेले. आत्यांनी पाणी दिलं, पापलेट कितीला मिळालं त्याची चौकशी केली, माइककडं बघितलं. म्हणाल्या, ‘हलद नाय, नवरी नाय, मंग गाव कोनाला? तुला?’ आणि हसल्या. मी म्हटलं, नुसतं दोन ओळी. तर म्हणाल्या, मांडव नसताना धवला म्हणू नये. मग विषय संपला. सुकटीची चटणी बांधून दिली. तिच्या वासानं माइकची पिशवी अजून घमघमते.

परत येताना महदंबा आठवली. शाळेत आपण सगळ्यांनी ‘मराठीतली आद्य कवयित्री’ एवढं पाठ केलं आणि गुण घेतले. पण तिचे धवळे जन्माला आले ते तेराव्या शतकात रिद्धपूरला, महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला तेव्हा. लग्न आहे, मग धवळे म्हणायला हवेत, म्हणून ती उभी राहिली आणि रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे धवळे रचत गेली. पुढं कुणी लिहून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत आले. आवाज आला नाही, ऐकणाऱ्यांचं हुं-हुं आलं नाही, गोविंदप्रभू मध्येच काय बोलले असतील ते त्या पानांवर नाही. पण मांडव होता, आणि समोर नवरा मुलगा होता. कोलशेतच्या आत्यांना महदंबेचं नाव माहीत नाही. अट मात्र दोघींची एकच.

आणि गंमत बघा, ज्या आत्या माझ्या माइकसमोर तोंड उघडायला तयार नव्हत्या, त्यांचे धवले आज निदान पन्नास मोबाइलांत आहेत. कारण लग्नात गायल्या, आणि लग्नात मोबाइल वर करणाऱ्याला कोण थांबवणार? आमच्या बाजूच्या गावठाणात हळद असली की बेंजो पार्टी येते. ऑक्टोपॅड, ढोलकी, कच्ची ढोल, आणि त्यावर तो तारेचा किणकिणता बेंजो, मोठ्या स्पीकरमधून बाविसाव्या मजल्यापर्यंत. घणसोली, कोपरखैरणे, दिवा, भिवंडी, सगळीकडं हेच. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी हळद इंटरनेटवर असते, नवरीच्या मामाच्या नाचासकट, जनरेटरच्या घरघरीसकट. तिथं कुणी सव्वा मिनिट कापायला बसत नाही. त्या ध्वनिमुद्रणात गाण्यापेक्षा ‘अरे सरक ना’ जास्त ऐकू येतं, आणि खाली प्रतिक्रियाही बहुतेक ‘मी आहे बघ निळ्या शर्टात’ अशाच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र त्याच वेळी दुसरा कार्यक्रम रंगलेला असतो : दहा वाजून गेले, कुणीतरी पोलिसांना फोन करा. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजके सणाचे दिवस तेवढे सरकारच्या परवानगीनं बारापर्यंत. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. नियम योग्यच आहे, बाविसाव्या मजल्यावर तान्हं मूल असलेल्या घराला विचारा. आणि तरी दहाच्या ठोक्याला बेंजो तोडल्यासारखा थांबतो तेव्हा मला आमच्या कॅसेटचा ‘खटक’ ऐकू येतो. पहाटेपर्यंत चालायचं ते जागरण. त्याला दहा वाजता घरी पाठवायचं म्हणजे देव येण्याआधीच पाटावरून कलश उचलण्यासारखं आहे. दोन्ही बाजू मला पटतात, आणि मी खिडकी अर्धी लावते.

भाच्याची फाइल अखेर मी दुसऱ्या दिवशी ऐकली. ठरवलं होतं की आवडायची नाही. ठाण्याच्या दमट हवेत त्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती. त्यानं ती पुसून, हेडचा स्क्रू फिरवत फिरवत आवाजाला धार आणली होती. मग फितीचा मूळचा सूंऽ असा आवाज एका शांत जागेवरून नमुन्याला घेऊन सगळीकडून वजा केला. गाणं सुरू होण्याआधी तेच गाणं अगदी पुसट ऐकू यायचं, भुतासारखं, तेही गेलं. मला ते लहानपणी जादू वाटायचं. भाचा म्हणाला, गुंडाळलेल्या फितीच्या एका थरावरचा आवाज वर्षानुवर्षं शेजारच्या थरावर उमटत राहतो, त्याचं ते. आणि शेवटी नव्या सॉफ्टवेअरनं त्यानं आवाज सुटे केले : शाहिराचा वेगळा, ढोलकी वेगळी, टाळ्या वेगळ्या. पोवाडा लागला आणि मी उठून बसले. शाहिराच्या मागं झील, म्हणजे पालुपदाची साथ, धरणारा एक आवाज होता. ‘जी रं जी जी’ हे अर्थातच आधीही ऐकू यायचं, पण घोळक्यात. आता एकच माणूस स्पष्ट होता. कोवळा, किंचित नाकातला, आणि प्रत्येक झिलीच्या शेवटी ‘जी’ला एक बारीकशी मुरड घालणारा. ही मुरड मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. शाहीर दमतो तिथं हा माणूस झील अर्धा मात्रा लांबवतो, म्हणजे शाहिराला श्वास मिळावा. एका ठिकाणी शाहिराचा सूर उतरतो, हा वरचा सूर धरून उभा राहतो आणि पुढच्या ओळीत शाहीर त्याच्यावर परत चढतो. सगळा पोवाडा या पोरानं खांद्यावर नेला होता आणि आम्ही टाळ्या शाहिराला वाजवत होतो.

म्हणजे कापण्यामुळं काही सापडलंही. हे मला अडचणीचं झालं.

कॅसेटचं वेष्टन काढून बघितलं. शाहिराचं नाव मोठं. निवेदकाचं नाव. संयोजकांची चार नावं, त्यातले दोघे मला वाटतं फक्त हार घालायला होते. एका फरसाणवाल्याची जाहिरात, तीन शाखांच्या पत्त्यांसह. गीतांपुढं ‘पारंपरिक’, संगीतापुढं ‘पारंपरिक’. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, ‘साथ : मंडळी’. ‘पारंपरिक’ लिहिलं की कुणाला काही द्यावं लागत नाही, ही सोय या धंद्यानं फार आधी ओळखली. 1957च्या कॉपीराइट कायद्यात कवीला, संगीतकाराला, कॅसेट काढणाऱ्याला हक्क होते. जो उभा राहून गातो-वाजवतो त्याचा हक्क कायद्यात आला 1994च्या दुरुस्तीनं, आणि रॉयल्टीचं कलम त्यानंतरही 2012 साली. आमची कॅसेट त्याच्या कितीतरी आधीची. गोंधळ्यानं ठाण्याचे देव बोलवले ते त्याच रात्री त्यानं रचलं होतं, परंपरेनं नव्हे. त्याचंही नाव नाही.

मग मी शोधाशोध सुरू केली. शाहीर वारलेले. त्या रात्री साउंड सांभाळणारे गृहस्थ वागळे इस्टेटच्या बाजूला राहतात असं कळलं, त्यांच्याकडून झील धरणाऱ्याचा पत्ता लागला. तेही तिथलेच, किसननगरकडं. एमआयडीसीची ही पहिली वसाहत, साठच्या दशकात उभी राहिली आणि सातारा, कोल्हापूर, कोकण, सगळीकडची पोरं कारखान्यांत आली. पहिल्या पाळीहून सुटले की संध्याकाळी भजनीमंडळ नाहीतर शाहिराचं पथक. हे काका लेथवर होते. आता कारखान्याच्या जागी काचेची आयटी कंपनी आहे आणि काका खाली पानाच्या गादीशेजारी खुर्ची टाकून बसतात. ऐंशीच्या पुढं वय, पण आवाज नाकातलाच.

मी त्यांच्या कानांत इअरफोन घातले आणि पोवाडा लावला. वाटलं, डोळे भरून येतील वगैरे. काका भुवया आक्रसून ऐकत होते. मांडीवर बोटांचा ठेका चालू. मध्येच त्यांनी इअरफोन काढला आणि विचारलं, ‘ह्यातली मानसं कुठं गेली?’ मी सांगितलं, भाच्यानं टाळ्या-बिळ्या काढल्यात, तुमचा आवाज नीट कळावा म्हणून. ‘व्हय, पर मग माझी चूक कळतीया की.’ मला तर चूक ऐकू आली नव्हती. त्यांनी मागं न्यायला लावलं. पोवाड्याच्या तिसऱ्या चौकात, म्हणजे भागात, शाहीर पुढच्या कडव्यावर गेला आणि यांनी आधीच्याच कडव्याची झील धरली. क्षणभरच, लगेच सावरले. ‘तवा त्या शिट्टीत दडलं बगा समदं. कुनीतरी लई मोठी शिट्टी मारल्याली. शाहिराला बी कळलं न्हाई. आता तुमच्या पोरानं शिट्टी काढली, झालो का मी उघडा?’ आणि ते मोठ्यानं हसले. बाबांनी, नाहीतर वाडीतल्या त्या दोन काकांपैकी कुणीतरी, हे ऐकायला हवं होतं.

भाच्याला सांगितलं. तो थोडा वैतागला, मग म्हणाला, ठीक आहे, पोवाड्याला ऑडियन्स परत घालतो, पण झील थोडी पुढं ठेवतो. ढोलकी चढवण्याचं सव्वा मिनिट त्यानं वेगळा ट्रॅक म्हणून ठेवलंय, ज्याला नको तो पुढं ढकलेल. भारुडातल्या हसण्याला त्यानं हातच लावला नव्हता. मी कारण विचारलं तर म्हणाला, ‘ते काय आहे ते कळल्याशिवाय कसं कापू?’ काकांकडं मी ते हसूही वाजवलं. त्यांना आठवेना. ते तेव्हा स्टेजमागं वडापाव खात होते.

निघताना मी विचारलं, नव्या आवृत्तीत नाव टाकलं तर चालेल ना? म्हणाले, कव्हरावर टाका, बाकी कुठं नको, पोरं उगाच चेष्टा करतात. मग खुर्चीतून उठले, पानवाल्याला माझ्यासाठी चहा सांगितला आणि एकदम आठवल्यासारखं म्हणाले, ‘तुमी लिवता न्हवं का? मग ह्ये लिवा. दीडशे ठरल्यालं. शंभर हातावर टेकवलं, म्हनले बाकीचं कॅसेटी खपल्यावर. कॅसेटी तर खपल्या. एक माझ्याच घरात हाय, पैसं देऊन घेतल्याली.’